तिळू मुंगी आणि बाबांचं ‘बघू’

मांडी घाला. तोंडातलं बोट बाहेर काढा. कान इकडे करा. झालं? मग निघाली आपली गोष्ट!

एक होती मुंगी. काळी काळी. चावरी नव्हे हं! चावऱ्या त्या लाल. आपली मुंगी गुणाची. होती तिळाएवढी, म्हणून तिचं नाव तिळू.

तिळूचं घर फरशीच्या फटीत. फटीत अंधार. अंधारात तिळूची पिल्लं. इवली इवली, गोल गोल. सारखी म्हणायची, “आई, खाऊ! आई, खाऊ!”

आणि फटीच्या वर कुणाचं घर? बकूचं. बकू म्हणजे बकुळ. बकूला दात दोनच, पण ऐट केवढी! रोज सकाळी बकू चटईवर बसायची. हातात नाचणीचं बिस्कीट. कुटुर्र कुटुर्र! अर्धं बिस्कीट तोंडात, अर्धं चटईवर. तोंडातलं बकूचं. चटईवरचं तिळूचं. असं त्यांचं ठरलेलंच होतं. आईबाबांना कुणी विचारलंच नव्हतं.

एके दिवशी काय गंमत झाली! बकू रांगायला लागली. थप थप, थप थप! आईने टाळ्या वाजवल्या. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

बकू निघाली टेबलाकडे. आई म्हणाली, “अगं अगं!”

बकू वळली कपाटाकडे. आई म्हणाली, “अगं अगं अगं!”

बकू वळली बादलीकडे. आई धावली. बकूला उचललं, थेट कडेवर!

आता बकू दिवसभर कडेवर. बकू रडायची, “भ्यँऽऽ!” आईची कंबर दुखायची. आणि बिस्किटाचा चुरा? तो सांडायचा आईच्या ओढणीत. चटईवर काही म्हणजे काही नाही!

पिल्लं म्हणाली, “आई, खाऊ!” तिळूने चटई शोधली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाऊ नाही.

तिळू म्हणाली, “थांबा रे बाळांनो. ही गेले आणि ही आले!”

निघाली तिळू. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. आली बकूपाशी. मान केली उंच.

“बकू बकू, खाली ये.”

बकू म्हणाली, “बा... दू... ऊंऽऽ!”

म्हणजे काय? म्हणजे, “आई सोडेना!” तिळूला बरोबर कळलं.

आईने खाली पाहिलं. आई म्हणाली, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळू म्हणाली,
“बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
आई आई, बकूला खाली सोड.”

आई म्हणाली, “मुळीच नाही! टेबलाचे कोपरे बघ. टोक टोक टोकदार! बकूला येईल टेंगूळ. टेबल टोपडी घालेल, तर बकूला सोडीन.”

तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना?”

निघाली तिळू. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. आली टेबलापाशी.

टेबल म्हणालं, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळू म्हणाली,
“आई सोडेना,
बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
टेबला टेबला, टोपडी घाल.”

टेबल म्हणालं, “मुळीच नाही! मी एवढं थोरलं टेबल. माझ्याकडे कुठली टोपडी? टोपडी बकूची. बकूला झाली लहान. आता ती कपाटात. कपाट टोपडी देईल, तर मी घालीन.”

तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना?”

निघाली तिळू. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. आली कपाटापाशी.

कपाट म्हणालं, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळू म्हणाली,
“टेबल टोपडी घालेना,
आई सोडेना,
बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
कपाटा कपाटा, टोपडी दे.”

कपाट म्हणालं, “मुळीच नाही! माझे पाय बघ. डुगडुग डुगडुग! दार ओढलं, की मी पुढे कलंडतं. बकूच्या अंगावर पडलं तर? भिंत मला धरेल, तर टोपडी देईन.”

तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना?”

निघाली तिळू. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. आली भिंतीपाशी.

भिंत म्हणाली, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळू म्हणाली,
“कपाट टोपडी देईना,
टेबल टोपडी घालेना,
आई सोडेना,
बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
भिंती भिंती, कपाटाला धर.”

भिंत म्हणाली, “मुळीच नाही! माझं नाक बघ. केवढं खाली! नाकपुड्या सताड उघड्या. आत वीज, झिण झिण झिण! बकूने बोट घातलं तर? आधी माझं नाक झाका. झाकणं बसतील, तर कपाटाला धरीन.”

तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना?”

झाकणं होती माळ्यावर, हत्यारांच्या डब्यात. तिळू भिंतीवरून चढली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. पोचली माळ्यावर. डब्यात डोकावली. आत इवली इवली पांढरी झाकणं. सगळी एकदम बोलायची.

झाकणं म्हणाली, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळू म्हणाली,
“भिंत कपाट धरेना,
कपाट टोपडी देईना,
टेबल टोपडी घालेना,
आई सोडेना,
बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
झाकणांनो झाकणांनो, खाली उतरा.”

झाकणं म्हणाली, “मुळीच नाही! आईने आम्हाला दुकानातून आणलं. बाबांनी आम्हाला इथे ठेवलं. आम्हाला ना हात ना पाय. स्टूल येईल, तर आम्ही उतरू.”

तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना?”

निघाली तिळू. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. स्टूल होतं बाथरूममध्ये, कोपऱ्यात.

स्टूल म्हणालं, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळू म्हणाली,
“झाकणं उतरेनात,
भिंत कपाट धरेना,
कपाट टोपडी देईना,
टेबल टोपडी घालेना,
आई सोडेना,
बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
स्टुला स्टुला, बाहेर ये.”

स्टूल म्हणालं, “मुळीच नाही! येऊ कुठून? दारात बघ कोण बसलंय! बादली. फुगून बसलीय नुसती. बादली हलेल, तर येईन.”

तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना?”

निघाली तिळू. तुरुतुरु तुरुतुरु... थांबा! बादली तर शेजारीच.

बादली म्हणाली, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळू म्हणाली,
“स्टूल येईना,
झाकणं उतरेनात,
भिंत कपाट धरेना,
कपाट टोपडी देईना,
टेबल टोपडी घालेना,
आई सोडेना,
बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
बादली बादली, हल की गं.”

बादली म्हणाली, “मुळीच नाही! मी बघ कशी, काठोकाठ! डुबुक डुबुक! बकू डोकावली आणि आत पडली तर? आधी मला रिकामी करा. बाबा मला ओततील, तर हलीन.”

तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना?”

निघाली तिळू. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. आली बाबांपाशी.

बाबा बसले होते खुर्चीत. नाकाखाली मिशी. नाकावर चष्मा. चष्म्यापुढे वर्तमानपत्र. वर्तमानपत्रात शब्दकोडं. उभा शब्द, आडवा शब्द. बाबा पेन चावत होते.

बाबा म्हणाले, “काय गं तिळू, तोंड का एवढंसं?”

तिळूने घेतला मोठ्ठा श्वास. तिळू म्हणाली,
“बादली हलेना,
स्टूल येईना,
झाकणं उतरेनात,
भिंत कपाट धरेना,
कपाट टोपडी देईना,
टेबल टोपडी घालेना,
आई सोडेना,
बकू रांगेना,
चुरा सांडेना,
माझ्या पिल्लांचं पोट भरेना!
बाबा बाबा, बादली ओता.”

बाबा म्हणाले, “बघू.”

अगं बाई! तिळू एवढी खूश झाली, एवढी खूश झाली! सगळे म्हणाले होते “मुळीच नाही.” बाबा म्हणाले “बघू”! बघू म्हणजे काय? बघू म्हणजे बघणार. आपल्या डोळ्यांनी. दुसरं काय असणार? तुमच्या घरी बघूचा अर्थ वेगळा असेल, तर असेल बुवा. तिळूला तो ठाऊक नव्हता.

तिळू बसली वाट बघत. बाबा उठेनात. उभा शब्द, आडवा शब्द.

आतून आईने हाक मारली, “अहो, ते कपाट भिंतीला कधी बसवणार? आणि ती झाकणं?”

बाबा म्हणाले, “बघू गं!”

तिळू म्हणाली, “बघा, पुन्हा म्हणाले! बिचाऱ्यांना किती बघायचंय! पण त्यांना दिसतच नाही. दिसणार कसं? बाबा बसलेत वर, बकू रांगते खाली. वरून टेबल गुळगुळीत. टोकं दिसतात खालून.”

मग तिळू म्हणाली, “हात्तिच्या! एवढंच ना? बाबांनाच आणते खाली.”

चढली तिळू. तुरुतुरु पायावर. तुरुतुरु गुडघ्यावर. तुरुतुरु पोटावर, तुरुतुरु हनुवटीवर, मिशीच्या झाडीतून थेट नाकाच्या शेंड्यावर! आणि तिथे नाचली. गुदगुदू, गुदगुदू, गुदगुदू!

“आ... आ... आऽऽक्छी!”

उडाला चष्मा. टप्प! गेला टेबलाखाली.

आणि तिळू? ती बसली मिशीला घट्ट धरून.

बाबा उतरले खाली. टेकले हात. टेकले गुडघे. थप थप, थप थप, बाबा लागले रांगायला! रांगत रांगत गेले टेबलाखाली. चष्मा सापडला. चष्मा घातला. बाहेर येता येता मान वर केली.

टण्ण!

“आई गं!” बाबांच्या कपाळाला टेबलाचं टोक. टेंगूळ आलं, लिंबाएवढं.

बाबा मागे सरले. कपाटाचं दार धरून उठू लागले. डुगडुग डुगडुग! कपाट आलं पुढे. “अरे अरे अरे!” बाबांनी ते मागे रेटलं.

बाबा वळले. समोर भिंत. बरोबर डोळ्यांसमोर भिंतीचं नाक. नाकपुड्या सताड उघड्या.

आता बाबा उठले नाहीत. आणखी काय काय आहे, ते बघू लागले. थप थप, थप थप. गेले बाथरूमच्या दाराशी. दारात बादली. बाबा डोकावले. पाण्यात दिसलं बाबांचंच तोंड. डुबुक डुबुक.

इथे बकू डोकावली असती तर? बाबांना वाईट वाटलं. खूप खूप वाईट वाटलं.

मिशीतून आवाज आला, “बाबा बाबा, बघितलंत?”

बाबा म्हणाले, “बघितलं गं तिळू. आधीच बघायला हवं होतं.”

“मग आता?”

“आता करतो!”

आणि बाबा उठले. मग काय विचारता!

बाबांनी बादली ओतली. घळ घळ घळ! कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी मिळालं. उरलेलं फरशी पुसायला गेलं. बादली झाली हलकी. बादली हलली. बसली भिंतीशी, उपडी!

स्टूल आलं बाहेर. टक टक टक! बाबा स्टुलावर चढले. आईने स्टूल धरलं एका हाताने. दुसऱ्या हातात बकू.

झाकणं उतरली. खुळुखुळु! बसली भिंतीच्या नाकात. टिच्च! टिच्च!

आता भिंतीचं नाक बंद. आवाज बघा कसा झाला! भिंत म्हणाली, “धरते बी कपाटाला. दक्की धरते!”

बाबांनी लावली लोखंडी पट्टी. घर्रर्र घर्रर्र! भिंतीने कपाटाला धरलं, घट्ट. कपाट हलवून बघितलं. डुग नाही की डुग नाही.

कपाटाने दार उघडलं. कर्रर्र! टोपडी दिली. एक पिवळं, एक लाल, एक ठिपक्यांचं, एक लोकरीचं.

टेबलाने टोपडी घातली. चार कोपऱ्यांना चार टोपडी. आईने गाठी मारल्या, पक्क्या. थोरलं टेबल लाजून म्हणालं, “कसं दिसतंय मी?”

आई म्हणाली, “बाळासारखं दिसतंयस!”

मग आई बाबांकडे वळली. बाबांच्या टेंगळाला हळूच हात लावला. “फार दुखतंय का हो?”

बाबा म्हणाले, “दुखतंय. पण बकूचं कपाळ वाचलं.”

आणि मग? मग आईने बकूला खाली सोडलं. हळू... हळू... हळूच.

बकूने फरशीला हात लावले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि सुटली! थप थप, थप थप, थप थप!

गेली टेबलाशी. कपाळ आपटलं. फुस्स! टोपडं मऊ मऊ. बकू हसली.

गेली कपाटाशी. दार ओढलं. कपाट जागच्या जागी. बकू हसली.

गेली भिंतीशी. नाकात बोट घालू लागली. नाक बंद! भिंत म्हणाली, “दाही जबणार!” बकू खदखदून हसली.

गेली उपड्या बादलीशी. दोन्ही हात मारले. ढब ढब, ढब ढब! बादलीचा झाला ढोल.

वाजवून वाजवून बकूला लागली भूक. आईने चटई पसरली. बकूच्या हातात दिलं नाचणीचं बिस्कीट. कुटुर्र कुटुर्र!

तिळू मिशीतून उतरली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. आली चटईपाशी. उभी राहिली बकूसमोर.

बकूने तिळूला पाहिलं. तिळूने बकूला पाहिलं. बकूने बोट पुढे केलं. तोंड उघडलं, आऽऽ!

आई ओरडली, “बकू! मुंगी नाही खायची!”

बकूने तोंड मिटलं. मग तिने बिस्कीट पुढे केलं. “दा!” म्हणाली. दोन दातांनी तोडलेला तुकडा पडला चटईवर. पुट्ट! चुरा नव्हे, चांगला तुकडा! तिळूहून मोठा, तिळूच्या पिल्लांहून मोठा.

तिळूने तो डोक्यावर घेतला. नाचत नाचत निघाली घरी. वाटेत गाणं म्हणाली. तुम्हीही म्हणा,
“बाबांनी ओतली,
बादली हलली,
स्टूल आलं,
झाकणं उतरली,
भिंतीने कपाट धरलं,
कपाटाने टोपडी दिली,
टेबलाने टोपडी घातली,
आईने सोडलं,
बकू रांगली,
तुकडा पडला,
माझ्या पिल्लांचं पोट भरलं!”

फटीत पिल्लं जेवली. ढेकर दिली. इवलीशी. तुम्हाला ऐकू आली नसेल.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “अहो, गॅलरीच्या कठड्याला फट मोठी आहे का?”

बाबांनी पेन खाली ठेवलं. वर्तमानपत्राची घडी घातली. बाबा म्हणाले,

“बघू!”

आणि खुर्चीतून उतरले. टेकले हात. टेकले गुडघे. थप थप निघाले गॅलरीकडे.

बाबांच्या मागे बकू. बकूच्या मागे तिळू. तिळूच्या मागे तिची सगळी पिल्लं. सगळी रांगेत, आणि बाबा नि बकू रांगत! आई हसून हसून दमली.

तुकडा गेला पोटात, टोपडी गेली टेबलावर, आणि गोष्ट गेली तुमच्या कानात.

आता तुमच्या घरी कुणी “बघू” म्हणालं, तर काय सांगायचं?

“खाली या! इथून बघा!”